'तू' आणि 'आम्ही' : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेच्या भाषेचा विचार

नागपूरच्या पूर्व भागात, इतवारीच्या शेजारी, लकडगंज ही वस्ती आहे. नावाप्रमाणेच ती लाकडाच्या व्यापारासाठी ओळखली जाते. अशा बाजारपेठेत मराठी आणि हिंदी ह्या भाषा एकमेकींच्या इतक्या निकट वावरतात की एकीची लकब दुसरीत सहज उतरते. नागपुरी हिंदीतील 'अपन' हे सर्वनाम ह्याचे चांगले उदाहरण होय. प्रमाण हिंदीत 'हम' ह्या एकाच रूपावर भागते. ऐकणारा त्यात समाविष्ट आहे की नाही, हे त्या रूपावरून कळत नाही. परंतु सौदा ठरविताना 'अपन' म्हणणारा दुकानदार गिऱ्हाइकालाही आपल्या पक्षात घेतो. मराठीत हा भेद पक्का रुजलेला आहे. 'आम्ही जातो' ह्यात ऐकणारा वगळला जातो, 'आपण जाऊ' ह्यात तो सामावला जातो. द्राविडी भाषांच्या दीर्घ सहवासाने हा भेद मराठीला लाभला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

व्याकरणाच्या पुस्तकात हा विषय दोन ओळींत आटोपतो. तथापि प्रार्थना ह्या भाषाव्यवहाराकडे वळले म्हणजे तो पुन्हा उभा राहतो. प्रार्थनेत बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे सर्वनामांनीच ठरते. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेच्या भाषेविषयी आजवर जी चर्चा झाली तिचा भर मुख्यतः शब्दसंग्रहावर राहिला. 'परमेश्वर' की 'देव', 'तारण' की 'मुक्ती', 'वैकुंठ' की 'स्वर्ग', असे तिचे प्रश्न होते. ते गौण नव्हेत. परंतु मराठी माणूस ख्रिस्ती रीतीने प्रार्थना करावयास शिकला म्हणजे नेमके काय शिकला, ह्याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते 'तू' आणि 'आम्ही' ह्या दोन सर्वनामांत शोधावे लागते. आणि त्यांपैकी दुसरे शिकणे पहिल्यापेक्षा पुष्कळच कठीण ठरले, असे दिसून येते.

प्रार्थना ही शिकावी लागते, हे ख्रिस्ती परंपरेने प्रारंभापासून मान्य केले आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात शिष्य आपल्या गुरूकडे तीच विनंती करतात. त्यांना उत्तरादाखल मिळते ती एक छोटी, पाठ करता येण्याजोगी प्रार्थना. 'डिडाखे' ह्या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी, असा दंडक आहे. म्हणजे शिकण्याचा आरंभ पाठांतराने होतो.

मराठी मुलखालगत हा पाठ सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात दिला जात होता. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे दोन ग्रंथ ह्या दृष्टीने शेजारी ठेवून वाचावेत. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेले 'ख्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध आहे आणि त्याची भाषा मराठी ग्रंथपरंपरेतील आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, प्रसिद्ध झालेली 'दौत्रिन क्रिस्तां' ही प्रश्नोत्तररूप पुस्तिका मात्र गोव्यातील लोकांच्या बोलीत, म्हणजे कोकणीत आहे. पुराण ऐकावयाचे ते ग्रंथभाषेत, आणि प्रार्थना मुखोद्गत करावयाची ती घरच्या बोलीत, अशी ही विभागणी आहे. तिच्यामागे भाषेची सूक्ष्म जाण होती, हे मान्य करावयास हवे. देवाविषयी बोलणे आणि देवाशी बोलणे ही दोन वेगळी कार्ये होत, आणि दोहोंना एकच भाषास्तर पुरेलच असे नाही, हे स्टीफन्स ह्यांनी ओळखले होते.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी जे मराठी भाषांतराचे कार्य केले, त्यात ही विभागणी राहिली नाही. श्रीरामपूर येथे विल्यम केरी ह्यांच्या प्रेरणेने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने नवा करार सिद्ध केला. शास्त्राची भाषा तीच उपासनेची भाषा झाली, आणि उपासनेची भाषा तीच घरातल्या प्रार्थनेची झाली. १८४५ मध्ये नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश परंपरेतले. त्या परंपरेत छापील प्रार्थनेपेक्षा उत्स्फूर्त प्रार्थनेला अधिक मान होता. परंतु उत्स्फूर्त प्रार्थना म्हणजे पूर्वसंस्काररहित प्रार्थना नव्हे. घरी वऱ्हाडी किंवा नागपुरी बोलणारा माणूस मंडळीपुढे प्रार्थनेस उभा राहिला की त्याची क्रियापदे बदलतात, विभक्तिप्रत्यय बदलतात, आणि 'आम्हांस', 'तुजपाशी', 'करितो' अशी एरवी त्याच्या तोंडी न येणारी रूपे येऊ लागतात. त्याने शब्द पाठ केलेले नसतात. पण एक संपूर्ण भाषास्तर पाठ केलेला असतो.

नागपुरात ह्या दोन रीतींची गाठ एका ऐतिहासिक प्रसंगी पडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी येथील ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली. त्यांत प्रार्थनापुस्तकाला धरून चालणारे अँग्लिकन होते, तसेच मुक्त प्रार्थनेवर भिस्त ठेवणारे बाप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते. ह्याच सुमारास, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये दिलेल्या मोकळिकीनुसार, कॅथलिक उपासना लॅटिनमधून देशी भाषांत येत होती. त्यामुळे पुस्तकातली प्रार्थना खरी की मनातली, हा जुना वाद नव्या पिढीपुढे पुन्हा आला. परंतु हा वाद ज्या गृहीतावर उभा आहे तेच तपासून घ्यावयास हवे. भाषा ही प्रथम दुसऱ्याकडूनच मिळते. बालक 'आई' हा शब्द निर्माण करीत नाही. तो त्याला दिला जातो, आणि तरीही ते हाक मारते तेव्हा ती हाक त्याचीच असते. पाठ केलेली प्रार्थना उसनी असते असे म्हणावयाचे, तर सर्वच भाषा उसनी मानावी लागेल. खरा प्रश्न उसनेपणाचा नाही. पाठ केलेल्या वाक्यातील सर्वनामांच्या जागी म्हणणारा स्वतः जाऊन उभा राहतो की नाही, हा आहे.

ह्या दृष्टीने प्रभूच्या प्रार्थनेची मराठी रचना पाहण्यासारखी आहे. मूळ ग्रीक प्रार्थनेचे व्याकरणदृष्ट्या दोन भाग पडतात. पूर्वार्धात क्रियापदे तृतीयपुरुषी आज्ञार्थात आहेत, उत्तरार्धात द्वितीयपुरुषी. इंग्रजीत तृतीयपुरुषी आज्ञार्थ उरलेला नसल्याने तेथे जुनाट संकेतार्थी रूपांवर भागवावे लागले. मराठीत मात्र 'येवो', 'होवो', 'जावो' ही ओकारान्त रूपे आजही जिवंत आहेत. आशीर्वाद देताना ती येतात, शाप देतानाही येतात. ही रूपे उच्चारणारा स्वतः काही करीत नाही आणि समोरच्यास काही करावयास थेट सांगतही नाही. एखादी गोष्ट घडून यावी, एवढेच तो इच्छितो. प्रार्थनेच्या पूर्वार्धात नाम, राज्य आणि इच्छा ह्या तीन देवाकडच्या गोष्टींविषयी मराठी माणूस ह्या आशीर्वादाच्या रूपांनी बोलतो. नंतर वाक्य एकदम वळते आणि 'दे' हे नुसते एकाक्षरी रूप येते. मराठीत इतके उघडे 'दे' कोणाला म्हणता येते? परक्याला नाही, वरिष्ठाला नाही, सावकाराला तर नाहीच. भुकेले मूल ते आईला म्हणते.

येथे नात्याचा प्रश्न उपस्थित होतो. ही प्रार्थना पित्याला उद्देशून आहे. जुन्या भाषांतरांत 'बाप' हा शब्द आढळतो. पुढे 'पिता' रूढ झाला. 'बाप' हा घरगुती, 'मायबाप' ह्या जोडशब्दामुळे भक्तिपरंपरेतही मुरलेला. 'पिता' हा संस्कृत, आदराचा आणि अंतराचा. संबोधन असे दूर सरकले, पण सर्वनाम सरकले नाही. ते 'तू'च राहिले. एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा मराठी घरांत वडिलांना 'तुम्ही' म्हणत आणि आईला 'तू'. सर्व समाजांत हा संकेत सारखा नव्हता, आणि अलीकडच्या काळात तो बराच शिथिल झाला आहे. तरी ज्या घरांत तो पाळला जाई, तेथील मूल ही प्रार्थना म्हणताना एक विलक्षण गोष्ट करीत होते. पित्याला हाक मारून ते आईचे सर्वनाम वापरीत होते.

ह्या निवडीमागे मिशनऱ्यांचा काही खोल हेतू होता, असे मानण्याचे कारण नाही. मूळात एकवचन आहे म्हणून त्यांनी एकवचन ठेवले असेल. शिवाय मराठीत देवाला 'तू' म्हणण्याची रीत आधीपासूनच होती. अन्य भाषांत हे इतके सहज घडले नाही. फ्रेंच कॅथलिकांच्या सार्वजनिक प्रार्थनेत १९६६ पर्यंत देवाला आदरार्थी बहुवचनाने संबोधित. त्या वर्षी एकवचन आले, आणि ह्या बदलाने पुष्कळांना अवघडल्यासारखे झाले. मराठी ख्रिस्ती माणसाला हा संकोच कधी वाटला नाही, कारण वारकरी संतांनी विठ्ठलाला माउली म्हणून, 'तू' म्हणून, प्रसंगी भांडूनही, ती वाट शतकानुशतके मळून ठेवली होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या काव्याचे स्थान येथे लक्षात येते. टिळक १८९१ मध्ये नागपुरास आले. अप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम केले आणि 'ऋषि' हे मासिकही काही काळ चालविले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. आज हा लोहमार्ग इतवारीवरून, म्हणजे लकडगंजच्या बाजूनेच, पूर्वेकडे जातो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी रचलेली भजने 'उपासना संगीता'त मोठ्या संख्येने समाविष्ट झाली आणि मराठी ख्रिस्ती मंडळीच्या कंठात बसली. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, ह्या आशयाचे त्यांचे उद्गार जे. सी. विन्स्लो ह्यांनी १९२३ च्या चरित्रामुळे सर्वश्रुत केले.

ह्या उद्गारामुळे टिळकांविषयीच्या समीक्षेला एक ठरावीक वळण लागले. एका पक्षाने त्यांना ख्रिस्ती धर्म देशी वेषात आणणारे कवी म्हणून गौरविले. दुसऱ्या पक्षाला त्यांची भजने म्हणजे नाव बदललेली वैष्णव भक्ती वाटली. दोन्ही पक्ष वेषाविषयीच बोलतात. अभंगाचा छंद, 'माउली'सारखे शब्द, टाळमृदंगाची साथ, ही सारी वेषाची अंगे होत. परंतु टिळकांनी ख्रिस्ताला गुरू आणि माउली अशा दोन्ही नात्यांनी हाक मारली तेव्हा त्यांनी केवळ एक देशी प्रतिमा उचलली नाही. प्रभूच्या प्रार्थनेतील 'तू' आणि 'दे' ह्या रूपांत जे आईचे नाते मराठी व्याकरणाने आधीच दडवून ठेवले होते, ते त्यांनी उघड केले. कागदावर 'पिता' आणि जिभेवर आईचे सर्वनाम, ह्यांत पडलेले अंतर त्यांच्या भजनांनी बुजविले. मंडळीला ती आपली वाटली ह्याचे कारण हे असावे. टिळकांचे वडील तापट होते आणि त्यांचा जीव आईवर होता, हे प्रसिद्ध आहे; पण त्यावरून काव्यातील मातृभावाचा सरळ कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे होईल. ज्या हजारो लोकांनी ती भजने स्वीकारली त्यांचे वडील काही सर्वच तापट नव्हते. भाषा मात्र त्या सर्वांची एक होती.

तथापि टिळकांच्या यशाला एक मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. अभंग ही एकवचनी रचना आहे. त्यात बोलणारा 'मी' असतो, अखेरीस तो स्वतःची नाममुद्राही ठेवतो. प्रभूच्या प्रार्थनेत 'मी' नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात खोलीत जाऊन, दार लावून, एकांती प्रार्थना करावी असे सांगितले आहे; आणि त्याच उपदेशात पुढे जी प्रार्थना दिली आहे तिच्यात प्रथमपुरुषी सर्वनाम सर्वत्र अनेकवचनी आहे. एकट्याने म्हणावयाची प्रार्थना बहुवचनात आहे. मराठीत हे बहुवचन 'आम्ही'चे होते, 'आपण'चे होऊ शकत नाही, कारण ऐकणारा देव त्या समूहाबाहेर आहे. व्याकरणाची ही अट निमूटपणे पाळली जाते. परंतु ह्या 'आम्ही'मध्ये देव नाही एवढे ठरल्यावर त्यात कोण कोण आहे, हे व्याकरण सांगत नाही.

मराठी समाजात हा प्रश्न कोरडा नव्हता. 'आम्ही' हे सर्वनाम येथे शतकानुशतके जातीच्या सीमेवर येऊन थांबत असे. आणि प्रार्थनेचे मराठी भाषांतर असे की तिच्यातील बहुतेक नामे संस्कृत असताना नेमक्या अन्नाच्या मागणीत 'भाकर' हा शब्द आला. त्या अन्नाला ग्रीकमध्ये जे विशेषण जोडले आहे त्याच्या अर्थाविषयी विद्वानांत प्राचीन काळापासून मतभेद आहेत. 'भाकर' ह्या शब्दाविषयी मात्र मराठी माणसाला कसलीही शंका नाही. ती कोणत्या चुलीवर भाजली, कोणाच्या हातची, कोणाच्या ताटात, हे प्रश्न त्या शब्दाबरोबरच येतात. 'आमची भाकर' हा शब्दप्रयोग उच्चारणारा ज्याच्या हातची भाकर खात नाही, तो माणूस त्या 'आम्ही'त नसतो, मग दोघे एका बाकावर का बसलेले असेनात. पुढचा 'ऋण' हा शब्दही असाच. येशूच्या काळी बोलल्या जाणाऱ्या अरामी भाषेत ऋण आणि पाप ह्यांना एकच शब्द होता. मराठी मनात 'ऋण' म्हटले की देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही त्रयी येते. ती ऋणे फेडावयाची असतात. प्रार्थनेत मात्र ऋण सोडावयाचे आहे, आणि ते सोडणारांतही 'आम्ही'च आहोत.

ह्या बहुवचनाचा अभ्यास ज्या ग्रंथात सर्वाधिक प्रामाणिकपणे आला आहे तो प्रार्थनेवरचा ग्रंथ नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठीतील आत्मचरित्र म्हणून तिचा गौरव पुष्कळ झाला आहे. येथे तिच्याकडे केवळ एका अंगाने पाहावयाचे आहे. ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्यानंतर त्यांना शुद्धाशुद्धतेचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घेण्यात त्या घराचे आयुष्य खर्ची पडले. ह्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाई, पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परतल्या तेव्हाही आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. जातिभेद देवाने केला नसून मनुष्याने केला, हा विचार त्यांना स्वतःशीच पटला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असे त्यांनी ठरविले. हा निश्चय १९०० मधील त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे, हा क्रम महत्त्वाचा आहे.

समीक्षक हा प्रसंग सामाजिक सुधारणेच्या खाती जमा करतात. तो तसा आहेच. परंतु त्याला प्रार्थनेच्या इतिहासातही स्थान द्यावयास हवे. टिळकांना 'तू' परंपरेने दिला होता. तो त्यांनी नव्या नात्यात नेला. लक्ष्मीबाईंना 'आम्ही' कोणत्याही परंपरेने दिला नव्हता. तो त्यांना पाण्याच्या भांड्यापाशी आणि चुलीपाशी मिळवावा लागला, आणि तो मिळाल्यानंतरच भाकरीची मागणी बहुवचनात करण्याचा अधिकार त्यांना आला. 'स्मृतिचित्रे'तील बोलकी, अनलंकृत भाषा ह्याच्याशी विसंगत नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे केले. परंतु प्रार्थनेच्या विद्यार्थ्याने ओवीइतकेच लक्ष त्यांच्या गद्याकडे द्यावे, कारण त्या गद्यात 'आम्ही' हा शब्द हळूहळू रुंद होत गेलेला दिसतो. प्रथम तो माहेरापुरता, मग संसारापुरता, मग घरात आश्रयाला येणाऱ्या कोणाही माणसाला पुरेल एवढा.

टिळकांनाही अखेरीस हीच उणीव जाणवली असावी. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' ह्या बंधुसंघाची कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि ती कल्पना फारशी पुढे गेली नाही. भजने मात्र राहिली. म्हणजे मराठी मंडळीने त्यांच्यापासून एकवचन घेतले आणि बहुवचन बाजूस ठेवले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेथील वाचकाला हा मुद्दा अधिक सांगावयास नको. त्रिशरण आणि पंचशील ही पालीतील वचने त्या समुदायाने शिकली. ती देवाला केलेली प्रार्थना नव्हे, आणि तिच्यातले शरणगमन एकवचनी आहे. तरी ती एकत्र उच्चारल्याने एका नव्या 'आम्ही'चा उच्चार झाला. धार्मिक वचन शिकणे म्हणजे कोणाबरोबर उभे राहावयाचे हे शिकणे, ही गोष्ट ह्या शहराने डोळ्यांनी पाहिली आहे.

मराठी ख्रिस्ती प्रार्थनेच्या भाषेचा पुढील अभ्यास करणाऱ्याने म्हणून केवळ भाषांतरांच्या प्रती जुळवून थांबू नये. घराघरांत, वस्त्यावस्त्यांत उत्स्फूर्त प्रार्थनेचे नमुने गोळा करून त्यांतील प्रथमपुरुषी सर्वनामे तपासावीत. 'मी' किती येतो, 'आम्ही' किती येतो, आणि 'आम्ही' म्हटल्यावर मागाहून कोणाकोणाची नावे घेतली जातात, हे पाहावे. लकडगंजच्या बाजारात जो माणूस दिवसभर परक्या गिऱ्हाइकाला 'अपन' म्हणून आपल्यात घेतो, तो सायंकाळी दार लावून प्रार्थनेस बसला असता 'आम्ही' म्हणतो, आणि त्याच्या भाषेत ह्या शब्दाने कोणीतरी वगळले जातेच. देवाला वगळणे ही व्याकरणाची गरज होय. त्यापलीकडे आणखी कोणाला वगळावयाचे, हे मात्र बोलणाऱ्यावर राहते.